सहा बटणं आणि एक निळा डाग

ऑक्सफर्डमध्ये केव्हिन शॉविन्स्की नावाचा एक तरुण संशोधक आठवडाभर संगणकापुढे ठाण मांडून बसला होता. पडद्यावर एका दीर्घिकेचं छायाचित्र यायचं. ती लंबगोल की सर्पिल एवढं ठरवायचं, नोंद करायची, पुढची घ्यायची. आठवडा संपला तेव्हा त्याच्या डोळ्यांखालून पन्नास हजार दीर्घिका गेल्या होत्या. तांदूळ निवडायला बसलेल्या माणसाला तासाभराने खडा आणि कणी सारखीच दिसू लागते. शॉविन्स्कीच्या सुपात तर अजून साडेआठ लाखांवर दाणे शिल्लक होते.

हा ढीग घातला होता अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने. न्यू मेक्सिको राज्यात अपाचे पॉइंट इथे अडीच मीटर व्यासाची दुर्बीण आहे. २००० सालापासून तिने आकाशाची शिस्तशीर मोजणी चालवली होती. या मोजणीचं नाव स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे. एडविन हबलने १९२६ साली दीर्घिकांचे आकारावरून प्रकार पाडले तेव्हा त्याच्यासमोर चारशे दीर्घिका होत्या. स्लोनच्या दुर्बिणीने काही वर्षांतच जवळपास दहा लाख जमवल्या. आकाश पाहणारं यंत्र वेगवान झालं आणि पाहिलेलं समजून घेणारा माणूस होता तिथेच राहिला, अशी ही अडचण होती.

मग संगणकाला का नाही सांगायचं? सांगून पाहिलं होतं, पण तो रंगावर जायचा. सर्पिल दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मत असतात, त्यामुळे त्या निळसर दिसतात. लंबगोल दीर्घिकांमध्ये म्हाताऱ्या ताऱ्यांची वस्ती, म्हणून त्या तांबूस. शॉविन्स्कीला नेमक्या या नियमाला न जुमानणाऱ्या दीर्घिका हव्या होत्या: घाट लंबगोल, पण रंग निळा. त्या काळचा संगणक निळं काही दिसलं की ते सर्पिलच्या खात्यात ढकलून मोकळा व्हायचा. शोधायचं होतं तेच गाळलं जायचं. माणसाचा डोळा मात्र रंग बाजूला ठेवून घाट ओळखतो, आणि त्यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही.

ऑक्सफर्डमध्येच ख्रिस लिंटॉट होता. बीबीसीवर पॅट्रिक मूर यांच्याबरोबर 'द स्काय ॲट नाइट' हा कार्यक्रम सादर करणारा, हौशी आकाशनिरीक्षकांच्या गोतावळ्यात वावरणारा खगोलशास्त्रज्ञ. वुडस्टॉक रोडवरच्या 'रॉयल ओक' नावाच्या पबमध्ये या दोघांच्या बोलण्यातून एक कल्पना निघाली: ही छायाचित्रं लोकांसमोरच ठेवली तर? लिंटॉटच्या डोक्यात तेव्हा दुसऱ्या एका प्रकल्पाचं उदाहरण होतं. ते समजून घ्यायला थोडं मागे जायला हवं.

हौशी माणसांनी विज्ञानाला हातभार लावणं ही इंटरनेटची देणगी नव्हे. एडमंड हॅलीने १७१५च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्लंडभरातल्या लोकांना खग्रास स्थिती किती वेळ टिकते ते मोजून कळवायला सांगितलं होतं. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमनने पक्षी मारण्याऐवजी मोजायची टूम काढली. पहिल्या वर्षी २७ जण सामील झाले, आणि ती मोजणी आजही दरवर्षी होते. टपालाने पत्रं पाठवायची, कोणीतरी ती जुळवायची, असा तो जमाना.

संगणक आला तेव्हा शास्त्रज्ञांनी लोकांकडे पहिल्यांदा मागितलं ते मात्र भलतंच. त्यांना लोकांचे डोळे नको होते, डोकी नको होती, त्यांची रिकामी पडलेली यंत्रं हवी होती. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून 'सेटी ॲट होम' सुरू झालं. डेव्हिड गेडी या संगणकतज्ज्ञाची मूळ कल्पना; ती प्रत्यक्षात आणली डेव्हिड अँडरसन आणि डॅन वर्थायमर यांच्या गटाने. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो इथली ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आकाशातून जे काही ऐकायची, ते टेपवर भरलं जायचं आणि त्या टेपा टपालाने बर्कलीला यायच्या, कारण अरेसिबोहून एवढी माहिती वाहून नेईल अशी इंटरनेटची जोडणीच नव्हती. बर्कलीत त्या माहितीचे बारीक तुकडे करून जगभरच्या संगणकांना वाटले जायचे. एक तुकडा साधारण साडेतीनशे किलोबाइटचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत येणाऱ्या तेव्हाच्या इंटरनेटलाही झेपेल एवढा. मालक चहा प्यायला उठला की संगणक परग्रहावरच्या संदेशाचा माग काढायला लागायचा आणि पडद्यावर रंगीत आलेख नाचायचे.

लाखभर माणसं आली तरी गंगेत घोडं न्हालं, असा आयोजकांचा हिशेब होता. पुढच्या वीस वर्षांत पन्नास लाखांहून अधिक लोकांनी आपली यंत्रं या कामाला जुंपली. परग्रहावरचा संदेश काही सापडला नाही. ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे वाटणं थांबलं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणही कोसळली. पण ही सगळी देणगी विजेची आणि यंत्रांची होती. माणूस त्यात कुठेच नव्हता. संगणक चालू ठेवून घराला कुलूप लावून गावी गेलं तरी काम होतच होतं.

डोळे मागितले ते त्याच बर्कलीतल्या अँड्र्यू वेस्टफालने. 'स्टारडस्ट' हे यान धूमकेतूची आणि ताऱ्यांमधल्या अवकाशाची धूळ गोळा करून १५ जानेवारी २००६ रोजी युटाच्या वाळवंटात उतरलं. धूळ पकडण्यासाठी त्यावर एरोजेलचा थर होता. एरोजेल म्हणजे जवळजवळ हवाच, हातात धरता येणारी. ताऱ्यांमधल्या धुळीचे त्यात अडकलेले कण मोजून काही डझन असतील असा अंदाज होता, आणि प्रत्येक कण डोळ्याला न दिसणारा. सूक्ष्मदर्शकाखाली एरोजेलचा थर तुकड्या-तुकड्याने पाहायचा तर लाखो दृश्यं तपासायला हवी होती. वेस्टफालच्या गटाने ती दृश्यं छोट्या चलचित्रांच्या रूपात ऑगस्ट २००६मध्ये 'स्टारडस्ट ॲट होम' या नावाने लोकांसमोर ठेवली. आधी परीक्षा, ती उतरलात तर काम. मध्येच मुद्दाम बनावट दृश्यं पेरलेली असत, म्हणजे कोण खरंच बघतोय आणि कोण नुसतं बटण दाबतोय ते कळावं. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात ताऱ्यांमधून आलेले असावेत अशा सात कणांची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांच्या यादीत 'स्टारडस्ट ॲट होम'च्या तीस हजारांहून अधिक धूळशोधकांचा एकत्र उल्लेख आहे.

लिंटॉटचं म्हणणं साधं होतं. लोक कंटाळा न करता धूळ बघत बसत असतील, तर दीर्घिका का नाही बघणार? त्या धुळीपेक्षा कितीतरी देखण्या असतात.

११ जुलै २००७ रोजी 'गॅलेक्सी झू' सुरू झालं. आधी एक छोटी शिकवणी, एक चाचणी, मग सरळ काम. पडद्यावर एक दीर्घिका आणि बाजूला सहा बटणं: लंबगोल, घड्याळाच्या दिशेने फिरणारी सर्पिल, उलट फिरणारी सर्पिल, आडवी किंवा नीट न कळणारी सर्पिल, एकमेकींत मिसळणाऱ्या दोन दीर्घिका, आणि तारा किंवा 'माहीत नाही'. हे काम काही वर्षं चालेल, असा अंदाज होता. बीबीसीवर बातमी गेली आणि एवढी माणसं लोटली की बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ठेवलेली छायाचित्रं पुरवणारी यंत्रणा पहिल्याच दिवशी धापा टाकायला लागली. चोवीस तासांत वेग ताशी सत्तर हजार नोंदींवर पोचला. शॉविन्स्कीने आठवडाभर डोळे फोडून केलेल्या कामापेक्षा जास्त काम आता तासाभरात होत होतं. वर्षभरात दीड लाख लोकांनी पाच कोटींवर नोंदी केल्या.

ही छायाचित्रं ज्या भांडारातून येत होती त्याची एक वेगळीच गोष्ट आहे. विषयाला थोडं सोडून आहे, पण टाळता येत नाही. स्लोन सर्व्हेचं सगळं आकाश कोणालाही, कुठूनही, फुकट चाळता यावं म्हणून जॉन्स हॉपकिन्सचे अलेक्झांडर सालाय आणि मायक्रोसॉफ्टचे संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 'स्कायसर्व्हर' उभा केला होता. २८ जानेवारी २००७ रोजी ग्रे आपल्या शिडाच्या होडीतून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांकडे एकटे निघाले, आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करायला. ते परतले नाहीत. तटरक्षक दलाला काही सापडेना, तेव्हा त्यांच्या मित्रांनी उपग्रहांकडून त्या समुद्राची छायाचित्रं मिळवली, त्यांचे चौकोनी तुकडे केले आणि इंटरनेटवर मांडले. हजारो अनोळखी माणसांनी एकेक चौकोन डोळ्यांत तेल घालून पाहिला. होडी सापडली नाही. 'गॅलेक्सी झू' सुरू व्हायला तेव्हा जेमतेम साडेपाच महिने होते.

आता प्रश्न विश्वासाचा. कोण कुठला शाळकरी मुलगा, कोण निवृत्त टपाल कर्मचारी. त्यांनी दाबलेल्या बटणावर शोधनिबंध कसा लिहायचा? उत्तर संख्येत होतं. एकेक दीर्घिका सरासरी अडतीस जणांनी पाहिली. सदतीस जण सर्पिल म्हणाले आणि एकाचा हात घसरला, तर फरक पडत नाही. वीस जण एक म्हणाले आणि अठरा दुसरं, तर ती दीर्घिकाच मुळात संदिग्ध आहे हेही कळतं. एका तज्ज्ञाने एकदा बघून दिलेला निकाल ठाम वाटतो, पण तो किती ठाम हे त्या एकट्याला सांगता येत नाही. इथे खात्रीचंही माप मिळत होतं. तज्ज्ञांच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहिलं तेव्हा गर्दी तज्ज्ञांइतकीच भरवशाची निघाली.

तरी गर्दीचेही घोटाळे असतात, आणि या सगळ्या कथेत मला सर्वात आवडतो तो असाच एक घोटाळा. सर्पिल दीर्घिकांच्या फिरण्याची दिशा विचारण्यामागे कारण होतं. विश्वात एका दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त आहेत, असा दावा त्या सुमारास झाला होता. तो खरा निघाला असता तर विश्वाबद्दलच्या मूलभूत समजुतीच हलल्या असत्या. ऑक्सफर्डच्या केट लँडने 'गॅलेक्सी झू'चे आकडे काढले, आणि खरंच घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त भरल्या! पण या गटाने पेढे वाटण्याआधी एक साधी गोष्ट केली. काही दीर्घिकांची छायाचित्रं आरशात दिसावीत तशी उलटी करून पुन्हा लोकांसमोर ठेवली. विश्व खरंच एका बाजूला झुकलेलं असतं तर आता आकडे पालटायला हवे होते. पालटले नाहीत. उलट्या छायाचित्रांतही लोकांना घड्याळाच्या उलट फिरणाऱ्याच जास्त दिसल्या. झुकाव विश्वात नव्हता, बघणाऱ्याच्या डोक्यात होता. लाखभर माणसांचा एकाच बाजूला पडणारा तोल अडतीस जणांची सरासरी काढून सापडला नसता. तो पकडायला आरसाच लागला.

इथवर जे चाललं होतं ते योजनेबरहुकूम. शास्त्रज्ञांनी प्रश्न ठरवले, बटणं दिली, लोकांनी ती दाबली. पण बटणं देताना एका शक्यतेचा विचार झाला नव्हता: समोर आलेली वस्तू सहाही बटणांत बसली नाही तर?

हॅनी व्हान आर्केल ही नेदरलँड्समधली शाळाशिक्षिका. गिटार वाजवणारी, आणि 'क्वीन' या बँडच्या ब्रायन मेची चाहती. ब्रायन मे गिटारवादक असला तरी खगोलशास्त्राचाही माणूस. मूर आणि लिंटॉट यांच्याबरोबर त्याने विश्वाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं आहे. त्याच्या लिखाणातून हॅनीला 'गॅलेक्सी झू'चा पत्ता लागला. ऑगस्ट २००७मध्ये, प्रकल्पाला महिनाही उलटला असेल-नसेल, तिच्यासमोर लघुसिंह तारकासमूहातली आयसी २४९७ ही सर्पिल दीर्घिका आली. दीर्घिकेच्या खाली निळ्या शाईचा थेंब फरफटल्यासारखा एक डाग होता. सर्पिलचं बटण दाबून ती पुढे जाऊ शकली असती. काम तेवढंच होतं. तिने विचारलं, हे खालचं काय आहे?

कोणालाच सांगता येईना. स्वयंसेवकांच्या आपसातल्या गप्पांसाठी जी जागा करून दिली होती तिथे या डागाला 'हॅनीज फोरवेर्प' हे नाव पडलं. 'फोरवेर्प' म्हणजे डच भाषेत नुसती वस्तू. शास्त्रज्ञांनाही त्याहून नेमकं काही म्हणता येत नव्हतं. अलाबामा विद्यापीठाचे विल्यम कील आणि इतर कामाला लागले. ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून वर्णपट घेतला तेव्हा कळलं, की हा आकाशगंगेएवढा प्रचंड वायूचा ढग आहे, आणि त्यातला ऑक्सिजन तळपतो आहे. त्याला तळपवणारं मात्र काहीच आसपास नाही. ढगात तारे नाहीत. शेजारच्या दीर्घिकेचं केंद्रही मंद.

उलगडा असा झाला. त्या दीर्घिकेच्या केंद्रात पूर्वी एक क्वेसार धगधगत होता, म्हणजे प्रचंड कृष्णविवर आसपासचं द्रव्य गिळताना ओकत असलेला उजेड. तो विझला. पण त्याने ढगाकडे पाठवलेला प्रकाश वाटेतच होता. ढगापर्यंत जाऊन, ढग पेटवून, तिथून आपल्याकडे यायला तो आडवाटेने येतो. दीर्घिकेचा सरळ येणारा प्रकाश आधी पोचतो. त्यामुळे आपल्याला एकाच छायाचित्रात विझलेला क्वेसार आणि त्याच्या जिवंतपणीच्या उजेडाने पेटलेला ढग शेजारी शेजारी दिसतात. हा क्वेसार गेल्या दोनेक लाख वर्षांत विझला असावा, असा हिशेब निघाला, आणि दीर्घिकांच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे काहीच नाही. क्वेसार इतक्या झटपट विझू शकतात हे त्याआधी कोणी असं पाहिलं नव्हतं. २००९ साली निघालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत हॅनीचं नाव आहे. पुढे हबल दुर्बिणीने त्या ढगाचं छायाचित्र घेतलं, आणि त्याच्यावर एक चित्रकथाही निघाली.

हबलच्या छायाचित्रात तो ढग निळा नाही, हिरवा आहे. स्लोनच्या छायाचित्रांतला रंग हा डोळ्याला दिसणारा रंग नव्हता. वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रकाशाला नंतर निळा, हिरवा, तांबडा असे रंग दिलेले असत. तापलेल्या ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश ज्या गाळणीत पडला, तिला स्लोनने निळा रंग दिला होता. हे ध्यानात घ्यायचं कारण, याच ऑक्सिजनने त्याच उन्हाळ्यात स्वयंसेवकांना दुसरं एक कोडं घातलं.

काही जणांना छायाचित्रांत मध्येच बारीक, गोल, हिरवेगार ठिपके दिसायला लागले. हिरव्या रंगाच्या दीर्घिका नसतात. तारेही हिरवे दिसत नाहीत. बटण कुठलं दाबायचं? 'माहीत नाही' दाबून लोक पुढे गेले, पण ते चित्र त्यांनी गप्पांच्या जागी नेऊन टाकलं आणि थट्टेने त्यांना 'मटारचे दाणे' म्हणायला सुरुवात केली. थट्टा वाढत गेली. शंभरावर मटार जमले. मग त्यातल्या काहींनी गंभीरपणे विचारायला सुरुवात केली, की यांना काही समान सूत्र आहे का. स्कायसर्व्हर सगळ्यांना खुला होताच. त्यांनी एकेक मटाराचा वर्णपट काढून पाहिला, भांडाराला प्रश्न विचारायची संगणकी भाषा शिकून घेतली, साध्या ताऱ्यांची आणि छायाचित्रातल्या दोषांची भेसळ वेगळी केली, आणि उरलेल्यांच्या वर्णपटात तीच ऑक्सिजनची ठळक रेघ आहे हे दाखवून दिलं. शास्त्रज्ञांना हे काम आयतं हाती आलं.

येल विद्यापीठातल्या कॅरोलिन कार्डामोनने २००९ साली त्यावर निबंध लिहिला. दहा लाख दीर्घिकांच्या भांडारात असे अडीचशेच्या आसपास मटार निघाले. ते दीड ते पाच अब्ज प्रकाशवर्षांवर आहेत, आणि आकाराने आपल्या आकाशगंगेच्या दशांश. पण त्यांत तारे जन्मण्याचा वेग आकाशगंगेच्या दसपट. हॅनीच्या ढगापेक्षा ते कितीतरी दूर असल्यामुळे विश्वाच्या प्रसरणाने त्यांच्या ऑक्सिजनची रेघ ताणली जाऊन शेजारच्या गाळणीत सरकली होती, आणि त्या गाळणीला स्लोनने हिरवा रंग दिला होता. म्हणून तिथे निळा डाग आणि इथे हिरवा मटार. २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या अतिदूर दीर्घिका पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातल्या काहींची ठेवण या मटारांशी जुळली.

हे संगणकाने का शोधलं नाही? कारण त्याला 'हिरवं गोल शोध' असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आधी कोणाच्या तरी मनात ते यायला हवं होतं. शास्त्रज्ञांनी मागितलं होतं बोट. त्याला लागून कुतूहल आलं, आणि खरी कमाई त्या न मागितलेल्या गोष्टीतून झाली. प्रकल्पाची आखणी करणाऱ्यांचं श्रेय एवढंच, की गप्पा मारायला एक जागा ठेवण्याची त्यांना बुद्धी झाली.

डिसेंबर २००९मध्ये 'गॅलेक्सी झू'चा संसार वाढून 'झूनिव्हर्स' झाला. पुढच्या प्रकल्पांची यादी देण्यात अर्थ नाही, पण दोन सांगण्यासारखे आहेत. 'ओल्ड वेदर'मध्ये ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या जहाजांच्या रोजनिशा होत्या. त्यातली वाऱ्याची, तापमानाची, हवेच्या दाबाची नोंद वाचून उतरवायची, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं समुद्रावरचं हवामान पुन्हा उभं करता येईल. जो एका जहाजाची सर्वात जास्त पानं उतरवेल तो त्या जहाजाचा कप्तान. दुसऱ्याने जास्त केली की कप्तानपद जायचं. ही चढाओढ मला फारशी रुचत नाही. पण पुष्कळ जण हवामान सोडून रोजनिशीतल्या माणसांतच गुंतले. कोण आजारी पडलं, कोणाला समुद्रात दफन केलं, १९१८च्या इन्फ्लुएन्झाची साथ जहाजात कशी शिरली, हे त्यांनी आपणहून नोंदवायला घेतलं. हवामानशास्त्रज्ञांना त्याची गरज नव्हती. इतिहासकारांना होती.

दुसरा 'प्लॅनेट हंटर्स', २०१०चा. केप्लर दुर्बीण दीड लाख ताऱ्यांचा उजेड सतत मोजत होती. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित घटतो, ठरावीक काळाने पुन्हा घटतो. संगणकाला ही नियमित घट हुडकायला शिकवलं होतं. एका ताऱ्याचा उजेड मात्र कधीही, कसाही आणि एकदा तर वीस टक्क्यांहून अधिक घटत होता. संगणकाने तो सोडून दिला, कारण त्यात नियम नव्हता. स्वयंसेवकांनी नेमका त्याच कारणासाठी धरून ठेवला. टॅबेथा बोयाजियनने २०१५ साली त्यावर निबंध लिहिला आणि परग्रहवासीयांनी ताऱ्याभोवती काही बांधकाम केलं असावं, अशा गप्पांनी वर्तमानपत्रं भरली. आता बहुतेकांचा कल धुळीकडे आहे.

या सगळ्या कामाची एक अवघड बाजूही आहे. फुकटात राबणाऱ्या लाखो हातांच्या जोरावर शोधनिबंध निघतात, पदव्या मिळतात, अनुदानं येतात. हौसेला मोल नसतं हे खरं. पण म्हणून ते द्यायचंच नाही, असा त्याचा अर्थ लावणं सोयीचं असतं. मटारांवरच्या निबंधात मेहनत घेतलेल्यांची नावं आभारात आली, हॅनी लेखकांत आली. बाकी बहुतेकांच्या वाट्याला आकडा आला. शिवाय अशा प्रकल्पांत बरंचसं काम थोडीच माणसं करतात. बहुतेक जण चार-दोन छायाचित्रं पाहून निघून जातात. 'लाखो स्वयंसेवक' हा शब्दप्रयोग ऐकताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

दरम्यान संगणकही शिकत होता, आणि तो शिकत होता याच लोकांकडून. डिसेंबर २०१३मध्ये 'गॅलेक्सी झू'च्या नोंदी एका खुल्या स्पर्धेत ठेवल्या गेल्या: छायाचित्र बघून लोकांनी काय मत दिलं असेल ते यंत्राने ओळखून दाखवायचं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचा सँडर डीलमन ती जिंकला. दीर्घिका कशीही फिरवली तरी दीर्घिकाच राहते, ही गोष्ट त्याने आपल्या न्यूरल नेटवर्कच्या रचनेत बसवली होती. शॉविन्स्कीला जे यंत्र हवं होतं ते सात वर्षांनी मिळालं, पण मधल्या काळात लोकांनी कोट्यवधी उदाहरणं गिरवून दिली नसती तर ते शिकलं कशावरून असतं? पुढे माइक वॉल्म्सलीच्या 'झूबॉट'ने आणखी एक पायरी गाठली. ज्या दीर्घिकेबद्दल यंत्राची स्वतःची खात्री नाही, ती ते माणसांपुढे ठेवतं. खात्रीच्या स्वतःच उरकतं. ऑगस्ट २०२४पासून युरोपच्या युक्लिड दुर्बिणीची छायाचित्रं याच पद्धतीने लोकांसमोर येऊ लागली. युक्लिड दीड अब्ज दीर्घिका टिपेल असा अंदाज आहे, आणि एवढ्या दीर्घिका बघायला माणसं कुठल्याच हिशेबाने पुरणार नाहीत.

बटणांचं काम यंत्राकडे गेलं. बटणांपलीकडचं काम करणारा एक प्रयोग आपल्याकडेही चालू आहे, तोही बटणांशिवाय. मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी एप्रिल २०१३मध्ये 'रॅड ॲट होम' सुरू केलं. इथली कच्ची माहिती नारायणगावजवळच्या खोडदची: तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी टिपलेलं रेडिओ आकाश. पडद्यावर सहा पर्याय नसतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आधी आठवडाभराच्या शिबिरात किंवा घरबसल्या शिकवलं जातं, की दृश्य, अवरक्त, अतिनील आणि रेडिओ लहरींत टिपलेली आकाशाची तीच जागा एकावर एक ठेवून रंगीत चित्र कसं बनवायचं आणि त्यात काय वाचायचं. मग ते फेसबुकवरच्या गटात आपलं चित्र मांडतात आणि त्यावर चर्चा होते. इथे गप्पांची जागा कडेला ठेवलेली नाही; प्रकल्पच तिथे चालतो. म्हणून माणसं लाखांत नाहीत. ती शेकड्यांत मोजावीत एवढीच टिकून काम करतात.

त्यांच्या हाती लागलेल्या विचित्र वस्तूंसाठी होता यांनी जीएमआरटीकडे निरीक्षणाचा वेळ मागितला, इतर खगोलशास्त्रज्ञ मागतात तसाच, स्पर्धेत उतरून. त्यातली एक 'रॅड १२'. सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेतून निघालेला रेडिओ झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो, तिथे अडतो आणि मागे वळून बुडबुड्यासारखा फुगतो. दुसऱ्या बाजूला तसा झोत दिसतच नाही. २०१३ साली तिचं वेगळेपण पहिल्यांदा ध्यानात आलं. जीएमआरटीची नवी निरीक्षणं, इतर दुर्बिणींची जुनी छायाचित्रं, सगळं जुळवून निबंध प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडलं. त्याच्या शीर्षकातच नागरिक विज्ञानातून लागलेला शोध असा उल्लेख आहे.